पुनर्विकासाला एखाद्या सदस्याचा विरोध असेल तर: सभेपासून कोर्टापर्यंत काय करायचे

महाराष्ट्रातल्या एखाद्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीचा पुनर्विकासाचा वाद कोर्टात गेला, की सगळा भर सभांच्या कागदांवर येतो. नोटीस कोणाला, कधी आणि कशी दिली, सभेला किती सदस्य हजर होते, कोणी कोणत्या बाजूने मत दिले, विरोध कधी आणि नेमका कशावर नोंदवला, यावर निकाल फिरतो. विरोध करणाऱ्याची कळकळ आणि बाकीच्यांचा वैताग खरा असला, तरी त्याने कोर्टात फारसे काही ठरत नाही. त्यामुळे पुढची माहिती समितीइतकीच विरोध करणाऱ्या सदस्याच्याही उपयोगाची आहे. जे काम सभेआधी करायचे, ते बिल्डरशी विकसन करारनामा झाल्यावर करायला जाणे, ही चूक दोन्ही बाजूंकडून होते आणि तीच सर्वांत महागात पडते.

पायाचे नियम

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९अ खाली शासनाने पुनर्विकासासाठी ३ जानेवारी २००९ रोजी निर्देश काढले. ४ जुलै २०१९ रोजी त्यांच्या जागी सुधारित निर्देश आले. आधी तीन चतुर्थांश बहुमत लागायचे, आता एकूण सदस्यांच्या किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. सभेची गणपूर्ती (कोरम) एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश आहे.

आकडेमोड नेहमी इथेच चुकते. समजा सोसायटीत ४० सदस्य आहेत. गणपूर्तीला २७ जण हवेत आणि ठरावाच्या बाजूने किमान २१. सभेला २७ आले आणि १९ जणांनी बाजूने मत दिले, तर उपस्थितांपैकी सत्तर टक्के बाजूने असूनही ठराव पडला. ५१ टक्के उपस्थितांचे नव्हे, एकूण सदस्यांचे मोजायचे असतात. एकूण सदस्य किती हेही जिन्याखालच्या नामफलकावरून नव्हे, तर सदस्य नोंदवहीवरून ठरवायचे. फ्लॅट विकत घेतला पण हस्तांतरण झाले नाही, मूळ सदस्य वारला आणि वारसांची नोंद झाली नाही, अशी प्रकरणे पहिल्या सभेआधी मार्गी लावा. नाहीतर पुढे विरोधक म्हणेल, ‘मोजणीच चुकीची आहे,’ आणि त्याचे म्हणणे खोडून काढणे अवघड जाईल.

७९अ चे निर्देश मार्गदर्शक आहेत, त्यातली प्रत्येक ओळ बंधनकारक नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटले आहे. म्हणजे लहानसहान त्रुटीमुळे सगळी प्रक्रिया रद्द होत नाही. समितीने याचा अर्थ मोकळीक असा घेऊ नये. त्रुटी किरकोळ आहे हे कोर्टाला पटवण्यात महिने जातात, आणि तोवर बिल्डरचा उत्साह आणि बाजारभाव दोन्ही बदललेले असतात.

दुसरा पाया म्हणजे अल्पमतातल्या सदस्याचे स्थान. सदस्य झाल्यावर सोसायटीच्या कारभारापुरते व्यक्तीचे वेगळे अस्तित्व उरत नाही, तो सोसायटीमार्फतच बोलतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दमन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात मांडले. डिसेंबर २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तेच पुनर्विकासाला लावले. सर्वसाधारण सभेचा ठराव वैध असेल आणि त्याला कुठे आव्हान दिले नसेल, तर विरोध करणारा सदस्यही त्याने बांधला जातो. विकसन करारनाम्यावर त्याची सही नसली तरी त्याच्याविरुद्ध अंतरिम आदेश मिळू शकतो. या विषयातले बहुतेक आदेश आजही याच निकालाच्या आधारे दिले जातात.

सभा आणि इतिवृत्त

सभेची नोटीस १४ दिवस आधी प्रत्येक सदस्याला गेली पाहिजे. हातोहात दिली तर सही घ्या. परगावी किंवा परदेशी असलेल्यांना नोंदणीकृत टपालाने आणि ईमेलने पाठवा, पावत्या फाइलला लावा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला संदेश सोय म्हणून ठीक आहे, नोटिशीचा पुरावा म्हणून त्यावर विसंबू नका. विषयपत्रिकेत ‘पुनर्विकासाबाबत चर्चा’ एवढेच लिहिले आणि सभेत वास्तुविशारद नेमून टाकला, तर तो ठराव आयताच आव्हानाला सापडतो. नेमणूक करायची असेल तर तसे विषयपत्रिकेत लिहा, आणि आलेल्या दरपत्रकांचा तक्ता सोबत जोडा. प्रकल्प सल्लागारासाठी किमान पाच दरपत्रके मागवायची असतात.

इतिवृत्तात ठरावाचा पूर्ण मजकूर, सूचक, अनुमोदक, बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, आणि विरोध करणाऱ्यांची नावे व त्यांनी दिलेली कारणे लिहा. ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द सवयीने लिहिले जातात. सभेत दोघांनी विरोध केलेला असताना ते लिहिले, तर ती खोटी नोंद ठरते आणि त्या एका ओळीमुळे संपूर्ण इतिवृत्तावरचा विश्वास उडतो. सभेचे चित्रीकरण करा आणि मूळ फाइल न कापता दोन ठिकाणी ठेवा. दहा दिवसांत इतिवृत्ताची प्रत सर्वांना द्या. विरोधकाला आधी द्या आणि त्याची पोच घ्या.

बिल्डर निवडीची सभा निबंधकांनी पाठवलेल्या प्राधिकृत अधिकाऱ्यासमोर होते. त्या दिवशी फक्त सदस्यांनी आत बसायचे असते. मुलगा, जावई, ओळखीचा इस्टेट एजंट मागच्या खुर्च्यांवर बसले होते, ही तक्रार वारंवार येते. दारातच ओळखपत्र पाहून सही घेणारा एक माणूस नेमा. बाजूने मत देणाऱ्यांची संमती लेखी घ्यायची असते. हात वर करून मोजणी झाली तरी संमतिपत्रे त्याच दिवशी भरून घ्या.

समितीतल्या कोणाचे नातेवाईक बिल्डर किंवा सल्लागार म्हणून पुढे येत असतील, तर ते नाव बाजूलाच ठेवा. एवढ्या एका कारणावरून चांगला प्रस्तावही कोर्टात संशयास्पद ठरतो.

विरोध कशाचा आहे ते आधी ओळखा

‘तो अडवतोय’ म्हणून सोडून देऊ नका. विरोधाची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

सर्वांत जास्त वाद क्षेत्रफळाचे. जुन्या करारात बिल्ट-अप लिहिलेले असते, कुठे काहीच लिहिलेले नसते, आणि सदस्य बंद केलेली बाल्कनी, गच्चीचा तुकडा, जिन्याजवळचा पॅसेज स्वतःचा धरून चालतो. सल्लागाराकडून प्रत्येक घराची संयुक्त मोजणी करून घ्या, सदस्य हजर असताना, आणि मोजणीपत्रकावर त्याची सही घ्या. शेजारी तीन रकाने ठेवा: मंजूर नकाशातले क्षेत्र, करारातले क्षेत्र, प्रत्यक्ष कार्पेट. नवीन जागा कोणत्या रकान्यावरून ठरणार, हे सर्वांसाठी एकच सूत्र म्हणून ठरावात लिहा. तळमजल्यावरच्या दुकानदारांसाठी वेगळे सूत्र लागेल. ते टेंडरच्या आधी ठरवा. बिल्डर आल्यावर ठरवायला गेलात, तर दुकानदार पहिल्यांदा त्याच्याशीच बोलणी करेल.

दुसरा विरोध भीतीचा. वय झालेले जोडपे म्हणते, ‘आम्ही भाड्याच्या घरात मरायचे का?’ हा विरोध मनापासून ऐका, कारण यातून करारनामा सुधारतो. प्रकल्पाच्या खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी निर्देशांतच आहे. इमारत साधारण दोन वर्षांत आणि अपवादाने तीन वर्षांत पुरी व्हावी, हेही तिथेच आहे. याखेरीज पहिल्या वर्षाचे भाडे आगाऊ, पुढच्या भाड्याचे आगाऊ तारखांचे धनादेश, उशीर झाला तर वाढीव भाडे, बांधकाम थांबले तर सोसायटीला करार संपवण्याचा अधिकार, आणि भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा नाही, ही कलमे मागा. मुंबईत आयओडी, म्हणजे महापालिकेची बांधकामाला प्राथमिक मंजुरी, मिळण्याआधी घर रिकामे करण्याची अट कधीच मान्य करू नका. अनेक सोसायट्यांचे सदस्य वर्षानुवर्षे भाड्याच्या घरात अडकतात, त्यामागे बहुतेक वेळा हीच घाई असते.

तिसरा विरोध हक्काचा असतो: वारसांमध्ये भांडण, बँकेचे गहाण, फ्लॅटवर जप्ती, आत बसलेला भाडेकरू. इथे सदस्य सही करायला तयार असतो, पण त्याचे हात बांधलेले असतात. गहाण असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र घ्यावे लागते आणि नव्या फ्लॅटवर गहाण कायम राहील असे लिहून द्यावे लागते. वारसांचा वाद असेल तर नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, हे लक्षात ठेवा. सगळ्या ज्ञात वारसांना नोटीस द्या. भाडे आणि कॉर्पस (बिल्डर सदस्याला देतो ती एकरकमी रक्कम) कोणाला द्यायचा यावर एकमत नसेल, तर रक्कम कोर्टात जमा करण्याची तयारी दाखवा. जागा रिकामी करण्याचा प्रश्न आणि ती शेवटी कोणाच्या नावावर जाणार हा प्रश्न, हे दोन वेगळे ठेवले की मार्ग निघतो.

मुद्रांक शुल्काच्या धास्तीने सही अडवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२३ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. पर्यायी कायमस्वरूपी जागेच्या करारावर, जुन्या जागेच्या बदल्यात मिळणाऱ्या क्षेत्रासाठी वेगळे शुल्क लागत नाही. सदस्याने पैसे देऊन जादा क्षेत्र विकत घेतले, तर त्या क्षेत्रापुरते लागते.

उरतो तो सौदेबाजीचा विरोध: मला इतरांपेक्षा शंभर फूट जास्त द्या, मग सही करतो. याला गुपचूप मान्यता देऊ नका, आणि बिल्डरलाही देऊ देऊ नका. वेगळ्या पत्राने दिलेला फायदा कधी ना कधी उघड होतो, आणि त्या दिवशी सही केलेले दहा जण विरोधात जातात. शिवाय, समान सदस्यांना असमान वागणूक हे कोर्टात सभेच्या ठरावाविरुद्ध टिकू शकणाऱ्या मोजक्या मुद्द्यांपैकी एक आहे. तो आपणच विरोधकाच्या हातात देऊ नये.

विरोध करणाऱ्या सदस्याने काय करावे

बिल्डरचा प्रस्ताव तुम्हाला कमी वाटतो, एवढ्यावर कोर्ट ठराव मोडत नाही. व्यवहार किती फायद्याचा, हे बहुमताने ठरवायचे असते. टिकतात ते मुद्दे असे: नोटीस मिळाली नाही, गणपूर्ती नव्हती, संमतिपत्रे खोटी, महत्त्वाची माहिती दडवली, सारख्या सदस्यांना वेगळे निकष लावले, समितीचे हितसंबंध गुंतले होते. यातला एखादा मुद्दा कागदावर दाखवता येत असेल तरच लढा द्या.

लढायचे तर लवकर. सभेआधी लेखी हरकत द्या आणि तिच्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का व तारीख घ्या. सभेत विरोधात मत द्या आणि ते नोंदवायला सांगा. व्यवहार्यता अहवाल, टेंडर, तुलनात्मक तक्ता, इतिवृत्त यांच्या प्रती लेखी मागा. समिती देत नसेल तर उपनिबंधकांकडे अर्ज करा. मग ठरावाला सहकारी न्यायालयात आव्हान द्या. ठराव होऊन वर्ष उलटले, करार नोंदवला गेला, पंचवीस कुटुंबे बाहेर पडली, आणि मग हरकत आली, तर त्या उशिराचाच तुमच्याविरुद्ध सर्वांत मोठा मुद्दा होतो. मधल्या काळात संमतिपत्रावर सही केली असेल किंवा भाड्याचा धनादेश वटवला असेल, तर विरोधाला जवळजवळ काही अर्थ उरत नाही.

कोणती तक्रार कुठे

उपनिबंधक सभेची प्रक्रिया, नोंदी आणि प्राधिकृत अधिकारी इतके पाहतात. कोणाला घराबाहेर काढण्याचा किंवा प्रस्ताव चांगला की वाईट हे ठरवण्याचा अधिकार त्यांना नाही. तिथे अर्ज दिला म्हणून प्रकल्पाला स्थगिती मिळाली, असे धरून बसू नका.

सदस्य आणि सोसायटी यांच्यातला वाद, म्हणजे ठराव, सभा, कारभार, हा कलम ९१ खाली सहकारी न्यायालयात जातो. तातडीची मनाई हवी असेल तर त्याच दाव्यात कलम ९५ खाली अंतरिम अर्ज करायचा. निकालाविरुद्ध कलम ९७ खाली सहकारी अपील न्यायालयात दोन महिन्यांत जाता येते.

बिल्डर सोसायटीचा सदस्य नसल्याने त्याचा मार्ग वेगळा. विकसन करारनाम्यात लवादाचे कलम असेल, तर लवाद आणि सलोखा अधिनियम, १९९६ च्या कलम ९ खाली तो अंतरिम आदेश मागतो. दाव्याच्या मूल्याप्रमाणे हा अर्ज मुंबईत उच्च न्यायालयात किंवा शहर दिवाणी न्यायालयात, इतरत्र जिल्हा पातळीवर जातो. घर रिकामे करून घेण्याचे बहुतेक आदेश याच वाटेने मिळतात. म्हणून करारनाम्याचा मसुदा तपासताना लवादाचे कलम आहे ना, आणि सदस्यांनी जागा रिकामी करून द्यायची जबाबदारी नेमकी कोणावर टाकली आहे, हे वकिलाकडून आवर्जून बघून घ्या.

मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या, जुन्या इमारतींचा मार्ग निराळा. तिथे म्हाडा अधिनियम, १९७६ चे कलम ९५अ आहे. साध्या खासगी सोसायटीला ते लागू पडत नाही.

इमारत धोकादायक असेल तर महापालिका मध्ये येते. मुंबईत १८८८ च्या महापालिका अधिनियमाचे कलम ३५४, इतर महापालिकांत १९४९ च्या अधिनियमाचे कलम २६४. सी-१ वर्गात पडलेली, म्हणजे अतिधोकादायक ठरलेली, इमारत लगेच रिकामी करून पाडायची असते. सोसायटीचा संरचनात्मक अहवाल सी-१ म्हणतो आणि विरोधकाचा अहवाल दुरुस्तीने भागेल म्हणतो, अशी जुंपली तर मुंबईत प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. सोसायटीच्या समितीला सल्ला: फक्त विरोध मोडण्यासाठी सी-१ अहवाल मिळवू नका. दोन अहवालांतल्या काँक्रीटच्या चाचण्या शेजारी ठेवल्या की ते उघडे पडते.

कलम ९ चा अर्ज करायच्या आधी

विरोधकाला दोन लेखी पत्रे द्या, दोन्हींत किमान पंधरा दिवसांची मुदत. सोबत इतर सदस्यांना दिला तोच पर्यायी जागेचा करार, त्याच्या क्षेत्रासह भरलेला मसुदा, आणि भाडे, सामान हलवण्याचा खर्च व कॉर्पसचा तक्ता जोडा. कोर्ट विचारणारच की याला इतरांइतकेच देऊ केले होते का. त्याचे उत्तर या पाकिटात असते.

अर्जाला लागणारे कागद: सर्व सभांच्या नोटिसा व पोच, हजेरीपत्रके, इतिवृत्ते, प्राधिकृत अधिकाऱ्याचा अहवाल, संमतिपत्रे, नोंदणीकृत विकसन करारनामा, बांधकाम परवानग्या, किती सदस्यांनी घर सोडले आणि बिल्डर दरमहा किती भाडे भरतो आहे याचा तक्ता, आणि विरोधकाशी झालेला पत्रव्यवहार. सोसायटीने स्वतंत्र प्रतिज्ञापत्र करून बिल्डरला पाठिंबा द्यावा. सोसायटी गप्प राहिली तर हा फक्त बिल्डर आणि एका घरमालकाचा झगडा दिसतो. अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणे, झाले नसेल, तर जमीनमालक मध्येच उभा राहण्याचा धोका असतो. मोफा (महाराष्ट्र सदनिका मालकी) कायद्याच्या कलम ११ खालचे मानीव, म्हणजे मालकाच्या सहकार्याशिवाय मिळणारे, अभिहस्तांतरण त्याआधी उरकून घ्या.

विरोधक कोर्टात जाण्याची शक्यता दिसली, की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हिएट दाखल करा, म्हणजे तुमचे ऐकल्याशिवाय स्थगिती मिळणार नाही. ते ९० दिवस चालते. तारीख लिहून ठेवा आणि संपण्याआधी नवे भरा. कलम ९ चा आदेश लवादाची कार्यवाही सुरू होण्यापूर्वी मिळाला असेल, तर ९० दिवसांत लवाद सुरू करणेही बंधनकारक आहे. आदेश मिळाला की सगळे निर्धास्त होतात आणि ही मुदत निघून जाते.

या काळात विरोधकाचे पाणी, वीज, लिफ्ट तोडू नका. त्याच्या वरचा किंवा शेजारचा फ्लॅट फोडायला घेऊ नका. समितीतले कोणी रागाच्या भरात असे केले, की विरोधकाला मनाई हुकूम मिळायला वेळ लागत नाही, आणि तोवर स्वच्छ असलेले तुमचे प्रकरण डागाळते.

ताबा घेताना

कोर्ट सहसा घर रिकामे करायला काही आठवड्यांची मुदत देते. त्यानंतरही ते सोडले नाही तर कोर्ट रिसीव्हर (कोर्टाच्या वतीने ताबा घेणारा अधिकारी) नेमून पोलिसांच्या मदतीने ताबा घेण्याचा आदेश होतो. विरोधकाचे नव्या इमारतीतले हक्क यामुळे जात नाहीत. जागा, भाडे, कॉर्पस सगळे इतरांसारखेच राहते, आणि आदेशात तसे नोंदवून घेणे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे.

ताबा रिसीव्हरने घ्यायचा, बिल्डरच्या माणसांनी नाही. आतल्या सामानाची यादी, चित्रीकरण आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांचा पंचनामा त्याच दिवशी करा. सामान हलवायला गाडी आणि ठेवायला जागा बिल्डरने आधीच तयार ठेवावी. पहिल्या महिन्याचे भाडे आणि सामान हलवण्याचा खर्च यांचा धनादेश त्याच वेळी द्या. त्याने घेतला नाही तर तो नाकारल्याची नोंद पंचनाम्यात करून रक्कम कोर्टात जमा करा आणि पावतीची प्रत नोंदणीकृत टपालाने त्याला पाठवा.